आधी माल जाऊ दे, मग माणूस

पत्र

नमस्कार. मी ३९ वर्षांचा. सांगलीजवळ आमचं मसाल्यांचं छोटं युनिट आहे. कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी, थालीपीठ भाजणी, मेतकूट, दिवाळीत अनारसे आणि करंज्या. सुरुवात बायकोने घरात केली, पुढे मी नोकरी सोडून त्यातच आलो. हाताखाली सात बायका आहेत. वर्षाची विक्री ६० लाखांच्या आसपास, सगळं जाऊन आठ-नऊ लाख उरतात. माझा मामेभाऊ शारजात बरीच वर्षं नोकरीला आहे. तो म्हणतो, सांगलीत किती दिवस पाकिटं भरत बसणार, दुबईला ये, करामात दुकान टाकू. दिवसा मसाला-चटण्या, संध्याकाळी गरम पिठलं-भाकरी. त्याला ४० टक्के भागीदारी हवी आहे. एका एजंटने फ्री झोनचं पॅकेज दिलंय : लायसन्स, दोन व्हिसा, टॅक्स शून्य, सगळं दहा दिवसांत. महिनाअखेरपर्यंत टोकन भरलं तर सवलत. भांडवलासाठी वडिलांच्या नावावरची दोन एकर विकायची म्हणतोय, ८० लाख येतील. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. चौघांनी एकदमच जायचं आणि तिथेच कायमचं राहायचं, असं डोक्यात आहे. वडील काही बोलत नाहीत. बायको म्हणते, तुम्ही ठरवाल ते. तासगावला दिलेल्या बहिणीला अजून सांगितलेलं नाही. चाळिशीच्या आत केलं नाही तर हे कधीच होणार नाही असं वाटतं. जाऊ का?

– एक सांगलीकर

उत्तर

सांगलीकर, जायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती क्रमाला. तुम्ही आधी जमीन विकणार, मग लायसन्स काढणार, मग बिऱ्हाड हलवणार, मग दुकानाची जागा शोधणार आणि सगळ्यात शेवटी गिऱ्हाईक येतंय का ते बघणार. मी म्हणते, गिऱ्हाईक आधी. तुमचा माल तिथे पोचू दे, विकला जाऊ दे, पैसे वेळेवर परत येऊ देत. मग तुम्ही एकट्याने जा. मग घरच्यांना न्या. जमिनीला या यादीत मी जागाच ठेवलेली नाही, का ते पुढे सांगते.

'कायमचं राहायचं' हे आधी निकालात काढू, कारण त्यावर बाकीचे निर्णय लटकलेत. यूएईमध्ये धंदा सुरू करणं खरोखर सोपं आहे. कायमचं होणं तसं नाही. कंपनीचा मालक किंवा भागीदार म्हणून जो व्हिसा मिळतो तो साधारण दोन वर्षांचा असतो, आणि लायसन्स चालू आहे तोवर तो नवा होत राहतो. लायसन्स बंद पडलं की व्हिसाही गेला, आणि त्याच्या आधाराने आलेल्या बायकोमुलांचाही. सलग सहा महिने देशाबाहेर राहिलात तरी साधा व्हिसा रद्द होतो, म्हणजे घरी कुणी आजारी पडलं आणि मुक्काम लांबला तर तारखा मोजत बसायचं. दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा आहे, पण मालमत्तेच्या वाटेने जायचं तर किमान २० लाख दिरहमची मालमत्ता लागते. तुमचे ८० लाख रुपये तिथवर पोचत नाहीत. नागरिकत्व अर्ज करून मिळत नाही. २०२१ साली कायद्यात बदल झाला तो शास्त्रज्ञ, डॉक्टर, मोठे गुंतवणूकदार अशा निवडकांसाठी, तेही वरून नाव सुचवलं गेलं तर. तिथे तीस-तीस वर्षं काढलेली मराठी कुटुंबं आहेत, सुखात आहेत, पण भारतीय पासपोर्टवर आणि परतीचं घर राखून. तुमच्या मनात मुलांसाठी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व असेल तर दुबई हा चुकीचा पत्ता आहे. मनात चांगला धंदा आणि पंधरा-वीस वर्षांची कमाई असेल तर पत्ता बरोबर आहे, मग मात्र परतीची जागा विकून निघण्याला काही अर्थ उरत नाही.

(नियमांच्या भरवशावर आयुष्य बांधू नका, हे कुठल्याही देशाबाबत खरं. जपानने ऑक्टोबर २०२५ मध्ये बिझनेस मॅनेजर व्हिसाची भांडवलाची अट ५० लाख येनवरून थेट ३ कोटी येन केली. आदल्या महिन्यात जमवाजमव करत बसलेल्यांचं काय झालं असेल?)

आता ते पॅकेज. एजंट खोटं बोलत असेल असं मी म्हणत नाही. तो त्याचा माल विकतोय, आणि तुम्हाला हवा आहे तो माल त्याच्या दुकानात नाही. तुम्हाला करामात दुकान हवंय. फ्री झोन म्हणजे कंपन्यांसाठी वेगळे नियम असलेला राखीव भाग. करामा त्यात येत नाही, ती मेनलँड, म्हणजे फ्री झोनबाहेरची दुबई. फ्री झोनची कंपनी सल्लागारी, ऑनलाइन सेवा, आयात करून पुन्हा निर्यात अशा कामांना सोयीची असते. रस्त्यावरच्या दुकानात बसून पिठलं-भाकरी विकायला दुबईच्या अर्थव्यवस्था आणि पर्यटन खात्याचं मेनलँड लायसन्स लागतं, शिवाय खाण्याच्या धंद्याला दुबई महानगरपालिकेची परवानगी. स्वयंपाकघराचा नकाशा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेला जबाबदार माणूस दुकानात ठेवावा लागतो. पॅकेजमधल्या 'फ्लेक्सी डेस्क'वर, म्हणजे कागदावरच्या टेबलावर, भाकरी थापता येत नाही. आणि मेनलँडला पूर्वी ५१ टक्के भागीदारी स्थानिक माणसाला द्यावी लागायची, ती अट २०२१ पासून बहुतेक धंद्यांना उरलेली नाही. म्हणजे ज्या भीतीने लोक फ्री झोनकडे पळायचे तीही आता फारशी खरी नाही. एजंटने हे सांगितलं का?

'टॅक्स शून्य' हेही जुनं झालं. जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना तिथे कॉर्पोरेट टॅक्स लागू आहे, ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के. फ्री झोनमध्ये शून्य दर ठरावीक उत्पन्नालाच मिळतो. घरगुती गिऱ्हाइकाला मसाला विकलात तर तो मिळेल असं धरून चालू नका. टॅक्स भरायचा नसला तरी नोंदणी करावीच लागते, आणि ती वेळेत केली नाही म्हणून १०,००० दिरहम दंड बसतो. व्हॅट ५ टक्के, २०१८ पासून. त्याची सक्तीची नोंदणीही ३,७५,००० दिरहमलाच लागते, पण तो आकडा विक्रीचा आहे, नफ्याचा नव्हे. आकडा एकच असल्यामुळे भलेभले इथे गोंधळतात. लहान धंद्यांसाठी सवलतही आहे, विक्री ३० लाख दिरहमपर्यंत असेल तर करपात्र नफा नाही असं धरण्याची, पण ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या हिशेबवर्षांपुरती जाहीर झालेली आहे. हे दर भारताच्या मानाने कमीच आहेत, त्यात वाद नाही. पण शून्य धरून केलेला हिशेब आणि हा हिशेब वेगळा.

एजंटच्या कागदात जे नसतं ते आता मांडते. बँकेत कंपनीचं खातं उघडायला दहा दिवस पुरत नाहीत. कित्येकदा महिने जातात, आणि बऱ्याच बँका खात्यात भलीमोठी किमान शिल्लक मागतात. घरभाडं महिन्याला रोख देण्याची पद्धत फारशी नाही. वर्षाचं भाडं एक, दोन किंवा चार पुढच्या तारखांच्या चेकमध्ये आगाऊ लिहून द्यायचं. नव्या माणसाकडे, ज्याचं खातंच उघडलेलं नाही, घरमालक बहुधा एकाच चेकची किंवा पूर्ण रकमेची अट घालतो. त्यावर दलाली, अनामत, 'इजारी' म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंद, फ्लॅटच्या वीज-पाण्यासाठी २,००० दिरहम अनामत, आणि पुढे दर महिन्याच्या वीजबिलात वार्षिक भाड्याच्या ५ टक्क्यांचा महानगरपालिकेचा वाटा हप्त्याने जोडून येतो. चौघांचा आरोग्य विमा सक्तीचा. शाळेची फी. हे सगळं पहिलं पाकीट विकलं जाण्याआधी. दुकानाचं भाडं याच्या वर, तेही चेकमध्येच. तिथे चेक परत जाणं ही साधी गोष्ट नाही. चेक हातात असलेला माणूस थेट अंमलबजावणीसाठी कोर्टात जाऊ शकतो आणि देश सोडण्यावर बंदी आणू शकतो. सांगलीत उधारी थकली तर माणूस घरी येऊन चहा पिऊन ओरडतो. तिथली रीत कोरडी आहे.

आणखी एक, जो सहसा कुणी सांगत नाही : जुलै-ऑगस्टचे दोन महिने. शाळांना सुट्टी लागते, उन्हाने बाहेर पाय टाकवत नाही, आणि बायकामुलं गावी निघून जातात. तुमचं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे मराठी कुटुंब, तेच तेव्हा पुण्याला किंवा कोल्हापूरला असतं. भाड्याचा चेक मात्र त्याच तारखेला वटतो. वर्षाचं बजेट करताना दहा महिन्यांची विक्री आणि बारा महिन्यांचा खर्च धरा.

आता तुमच्या मालाकडे येते, कारण या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली. तुमच्या कांदा-लसूण मसाल्यात खसखस आहे का?

बहुतेक असणार. सुक्या खोबऱ्याबरोबर, तिळाबरोबर भाजून घालतात. अनारसा तर खसखशीवरच थापायचा. यूएईमध्ये खसखस बंदी असलेल्या वस्तूंत मोडते, आणि विषय साध्या दंडाचा नसून अमली पदार्थांच्या कायद्याचा आहे. आपल्याकडे वाण्याच्या डब्यात असते ती वस्तू तिथे विमानतळावर बॅगेत सापडली तर माणूस अडकतो. मामेभाऊ इतकी वर्षं शारजात आहे, त्याला हे ठाऊक असणार. त्याने तुम्हाला सांगितलं नसेल तर त्याने तुमच्या धंद्याचा विचार अजून पाकिटाच्या आत शिरून केलेला नाही. घाबरून जाऊ नका, खसखशीशिवायचा मसाला करता येतो. तीळ थोडे वाढवून, खोबरं जरा जास्त खरपूस भाजून पोत जमतो. पण तो वेगळा मसाला झाला. त्याच्या चार-सहा घाण्या काढून, दोन महिने डब्यात ठेवून, वास आणि रंग टिकतो का हे बघावं लागेल. भाजणाऱ्या बायकांनी त्याच कढईत आधी खसखस भाजलेली चालणार नाही. निर्यातीच्या मालासाठी कढई, चाळण, डंकाची वेळ सगळं वेगळं ठेवा आणि तसं लिहून ठेवा. गावातल्या डंकावर मसाला कुटून आणत असाल तर आधी तिथेच अडाल, कारण तुमच्या आधी त्या डंकावर कुणाचं काय कुटलं गेलं हे कुणाला माहीत?

लेबलचंही तसंच. पाकिटावर घटक, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, उगमदेश, हे अरबीतही लागतं, आणि प्रत्येक मालाची लेबलसकट तिथल्या यंत्रणेत नोंद करावी लागते. शेंगदाणा आहे तिथे ॲलर्जीची सूचना हवी. घरगुती चटणीला तेल सुटतं, पाकीट ओशट होतं, तारखेचा शिक्का पुसला जातो. सांगलीत गिऱ्हाईक ते चालवून घेतं, ओळखीचं असतं. जेबेल अलीच्या बंदरावरचा तपासनीस ओळखीचा नसतो.

हे सगळं शोधून काढायला दुबईत दुकान लागत नाही. सांगलीत बसून होतं, आणि तीच माझी सूचना आहे. पहिलं वर्ष निर्यातीचं ठेवा. आयात-निर्यात कोड ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये. एकदा काढला की दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यावरची माहिती तपासून पक्की करायची, काही बदललं नसलं तरी. विसरलात तर कोड निष्क्रिय होतो आणि नेमका माल बंदरावर असताना ते कळतं. मसाल्यासाठी स्पाइसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी. एफएसएसएआयचं लायसन्स असेलच, पण ते निर्यातीला पुरेल अशा प्रकारचं आहे का ते तपासा. निर्यातीवर जीएसटी भरून परत मागत बसण्यापेक्षा दर वर्षी एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, दाखल करा. भारत आणि यूएई यांच्यातला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्यात बसणाऱ्या मालावर तिथली ड्युटी कमी किंवा माफ होते, पण मालासोबत सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल भारतातलाच असल्याचा दाखला, असेल तरच. अख्खा कंटेनर लागत नाही. इतरांच्या मालाबरोबर चार-पाच पॅलेट न्हावा-शेवाहून सुटतात. समुद्राचा हा मार्ग जवळचा आहे. वेळ जातो तो कागदांत.

गिऱ्हाईक म्हणून थेट मोठ्या सुपरमार्केटच्या मागे लागू नका. शेल्फवर जागा द्यायचे ते पैसे घेतात, बिल दोन-तीन महिन्यांनी देतात, न खपलेला माल तुमच्या गळ्यात घालतात. आधी एक मध्यम वितरक शोधा, जो करामा, बर दुबई, शारजातल्या भारतीय किराणा दुकानांना माल पोचवतो. दर वर्षाच्या सुरुवातीला दुबईत गल्फूड हे खाद्यपदार्थांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे स्टॉल घ्यायची घाई नको, नवरा-बायको दोघं नुसते फिरायला जा. रिकाम्या हाताने जाऊ नका. नमुन्याची पाकिटं न्या, अर्थात खसखशीशिवायची. आणि उधारीवर माल देण्याआधी ईसीजीसीकडे जा. निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणारी ही सरकारी कंपनी आहे, लहान निर्यातदारांसाठीही तिच्या पॉलिसी आहेत.

वर्षभरात पाचव्यांदा-सहाव्यांदा मागणी आली, पैसे ठरल्या वेळेला आले, तर तुमच्या हातात खरी बाजारपेठ आहे. मग दुकानाचा विचार करायला बसू. आणि मागणी आली नाही, तर तुमचे चार-पाच लाख गेले. दोन एकर वाचली.

इथे कुणीतरी दुबईतल्या 'अल अदील' मसालेवाल्या दातारांचं उदाहरण देईलच. धनंजय दातारांच्या वडिलांनी १९८४ साली दुबईत छोटं दुकान टाकलं, त्याचं पुढे केवढं झालं हे महाराष्ट्राला माहीत आहे. त्या यशाबद्दल मला आदरच आहे. पण तेव्हा भारतीय मसाला तिथे दुर्मीळ होता, आज शेल्फवर जागा नाही. आणि त्याच शेल्फवर दातारांचाही माल आहे. म्हणजे तुम्ही त्यांच्या वाटेने निघालेले नाही आहात, त्यांच्याशी स्पर्धा करायला निघालेले आहात. फरक पडतो. तुमच्याकडे वेगळं काय आहे तर ताजी भाजणी, हाताची चटणी आणि सांगलीची हळद, जिला भौगोलिक मानांकन आहे. पाकिटावर तेच पुढे करा. पिठलं-भाकरी तूर्त विसरा. ते दुकान चालवायला भाकरी थापणारी बाई तिथे न्यायची म्हणजे तिचा व्हिसा, विमा, राहणं, सुट्टीचं तिकीट सगळं तुमच्या अंगावर.

पैसे न्यायचा मार्ग. याबाबतीत लोक फार सहज चुका करतात. निवासी भारतीयाला एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, पण १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. एका नावाने ८० लाख पाठवलेत तर ७० लाखांवर १४ लाख. तो कर पुढे वळता होतो, जास्तीचा परत मिळतो, पण विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत ते १४ लाख तुमचे असून हातात नसतात. धंद्याच्या पहिल्या वर्षात १४ लाख म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. दुसरं, परदेशात कंपनी काढणं ही रिझर्व्ह बँकेच्या लेखी परदेशी थेट गुंतवणूक आहे. ऑगस्ट २०२२ च्या नियमांप्रमाणे ती अधिकृत बँकेमार्फत, फॉर्म एफसी भरून, त्या गुंतवणुकीचा यूआयएन हा ओळख क्रमांक घेऊनच करायची, आणि नंतर दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत अहवाल द्यायचा. 'आत्ता लायसन्सचे पैसे क्रेडिट कार्डवर भर, नंतर बघू' किंवा 'मी इथून भरतो, तू सांगलीत माझ्या आईला दे' हे मामेभावाने सुचवलं तर नाही म्हणा. पहिलं नियमांत बसत नाही, दुसरा चक्क हवाला आहे. निवासी असताना काढलेली परदेशी कंपनी आणि खातं इथल्या विवरणपत्रातही दाखवावं लागतं, त्यातून पैसा आलेला नसला तरी.

प्रत्यक्ष राहायला गेलात की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली तुम्ही अनिवासी ठरता. इथली बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाची भारतातली खाती, करावी लागतात. सांगलीतल्या प्रत्येक सहकारी बँकेला अशी खाती ठेवायची परवानगी नसते, तेव्हा आधी विचारा. आणि अनिवासी माणसाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. आहे ती ठेवता येते, वारशाने येते, पण खरेदी नाही, कुणी बक्षीस दिली तरी घेता येत नाही. परत येऊन निवासी झालात तरी महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, आणि विकून बसलात तर तो पुरावा कुठून आणणार? म्हणून म्हटलं, जमिनीला यादीत जागा नाही. भांडवल कमी पडलं तर युनिटवर कर्ज काढा, निर्यातीची मागणी हातात असेल तर बँका माल पाठवण्याआधीच त्यावर कर्ज देतात.

आणि ती जमीन तुमची नाही. वडिलांच्या नावावर आहे, बहुधा वडिलोपार्जित आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तासगावच्या बहिणीला तुम्ही अजून सांगितलेलं नाही हे वाचून मी थांबले. ती कदाचित हसत सही करेल. पण तिला कळण्याआधी एजंटला कळलं, हे तिला पुढे कधीतरी समजेलच. वडील का बोलत नाहीत याचंही कारण मला इथेच दिसतं.

मामेभाऊ. ४० टक्के कशाबद्दल? पैसे घालणार आहे का, वेळ देणार आहे का, की ओळखी? नोकरीत आहे म्हटल्यावर धंद्यात भागीदार व्हायला त्याला मालकाची लेखी संमती लागू शकते, ती मिळणार आहे का? ओळखीचा मोबदला कमिशनने द्यावा, भागीदारीने नव्हे. विकेल त्यावर ठरावीक टक्के घे, असं सांगून बघा. नात्यातला माणूस खरा असेल तर त्याला हे पटेल, आणि पहिल्या वर्षाच्या निर्यातीत तोच तुमचा तिथला डोळा होऊ शकतो : दुकानात पाकीट कुठल्या खणात लावलंय, शेजारच्याची किंमत काय, तारीख उलटलेला माल पडून आहे का. त्याचे फोटो दर आठवड्याला मागा. पाठवतो का बघा. भागीदार म्हणून कसा असेल, ते त्यातूनच कळेल.

बायको 'तुम्ही ठरवाल ते' म्हणते, पण धंदा तिच्या हातचा आहे. तुमच्याच पत्रावरून म्हणते. मसाल्याचं प्रमाण तिच्याकडे, सात बायका तिच्या शब्दावर येतात. ती तुमच्या व्हिसावर आधारित म्हणून दुबईत गेली तर सांगलीचं युनिट कोण बघणार, याबद्दल पत्रात एक ओळ नाही. दुबईचं दुकान पहिली दोन-तीन वर्षं नफा देणार नाही. तोवर घर सांगलीच्याच पैशावर चालायचं आहे. माझं मत स्पष्ट आहे : पहिल्या टप्प्यात तिने इथे राहावं, युनिट तिने चालवावं, आणि तिथली कंपनी निघेल तेव्हा तीत तिचं नाव भागधारक म्हणून असावं. तिथे नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर खाती गोठतात आणि कोर्टाचा हुकूम येईपर्यंत बायकोला हात लावता येत नाही. दोघांनी तिथे मृत्युपत्र नोंदवून ठेवायचं, बिगर-मुस्लिमांसाठी तशी सोय आहे. वाईट बोलते असं वाटेल, पण हे बोलायचं काम आमच्यासारख्यांचंच.

मुलांचं थोडक्यात. आठवीतल्या मुलीला आत्ता हलवू नका. ती इथे दहावी करू दे. बोर्ड, माध्यम, मैत्रिणी सगळं एकदम बदलण्याचं ते वय नव्हे. मुलगा लहान आहे, तो कुठेही रुळेल. आईवडिलांना पुढे तिथे न्यायचं मनात असेल तर त्यांच्या स्पॉन्सरशिपला उत्पन्नाची अट बायकोमुलांच्या अटीपेक्षा बरीच मोठी आहे आणि व्हिसा एकेका वर्षाचा मिळतो. म्हणजे ते सांगलीतच राहतील असं धरून चाला, आणि त्यांच्याजवळ कोण असेल हे बहिणीशी बोलताना त्याच बैठकीत बोला.

चाळिशीची भीती मला कळते. पण चाळिशीला व्हिसा नाकारत नाहीत, बेचाळिशीलाही नाही. तीन वर्षांनी मुलीची दहावी झालेली असेल, मालाची ओळख झालेली असेल, वितरक तुम्हाला नावाने ओळखत असेल. तेव्हा हेच लायसन्स तुम्ही एजंटला विचारून काढणार नाही, एजंटला सांगून काढाल.

टोकन भरू नका. फोन आला तर त्याला दोनच गोष्टी लेखी मागा : या लायसन्सवर करामात किरकोळ खाद्यविक्री करता येईल का, आणि काम झालं नाही तर टोकन किती दिवसांत परत मिळेल. दोन्हींची उत्तरं मेलवर आली तर मला तो मेल पाठवा, मी वाचून सांगेन. आणि सवलत महिनाअखेरीस संपत असेल तर संपू दे. पुढच्या महिन्यात नव्या नावाने येते ती.